दाह, गोठण आणि धक्का : क्रीडासंहितेतील तत्त्वजन्य अवस्थांचा इतिहास

१

संगणकावरील भूमिकाखेळांच्या नियमव्यवस्थेत अग्नी, शैत्य आणि विद्युत् ही तीन नावे इतक्या सहजपणे एकत्र येतात की, त्यांचे हे साहचर्य निसर्गसिद्ध असावे असा समज होतो. तलवारीच्या वर्णनात 'अग्नीची हानी', चिलखताच्या वर्णनात 'शैत्याचा प्रतिकार' असे शब्दप्रयोग आढळतात. आघातानंतर शत्रू पेटतो, गोठतो किंवा विजेच्या धक्क्याने दुर्बल होतो. ह्या तात्पुरत्या विकारांना येथे 'तत्त्वजन्य अवस्था' असे म्हटले आहे. खेळाडूंच्या व्यवहारात त्या बर्न, चिल, फ्रीझ, शॉक ह्या नावांनी ओळखल्या जातात. त्यांची कोष्टके पुष्कळ झाली आहेत. कोणती अवस्था किती सेकंद टिकते हे सांगणाऱ्यांची वाण नाही. परंतु ह्या अवस्था अस्तित्वात कशा आल्या, त्यांच्यात कोणत्या परंपरा मिसळल्या आणि नियम हाच ज्या संहितेचा गाभा आहे अशा संहितेत 'अग्नी' ह्या शब्दाला अर्थ कोठून प्राप्त होतो, हा प्रश्न साहित्यविचाराचा आहे. प्रस्तुत लेखात त्याची ऐतिहासिक अंगाने मांडणी करण्याचा प्रयत्न आहे.

एस्पेन आर्सेट ह्यांनी १९९७ साली 'सायबरटेक्स्ट' ह्या ग्रंथात, वाचकाच्या कृतीवाचून जी पुढे सरकत नाही अशा संहितेची संकल्पना मांडली. येस्पर यूल ह्यांनी २००५ मध्ये 'हाफ-रिअल' ह्या ग्रंथात व्हिडिओ गेमचे दुहेरी स्वरूप स्पष्ट केले : त्यातील नियम खरे असतात, त्यातील जग कल्पित असते. खेळाडू खरोखरच हरतो. पण त्याने मारलेला राक्षस खरा नसतो. तत्त्वजन्य अवस्था ह्या दोहोंच्या नेमक्या सांध्यावर उभी असते. 'बर्फाने गोठला' हे कल्पित जगातील विधान आहे. 'त्याची हालचाल तीन सेकंद शून्य झाली' हे नियमातील विधान आहे. ही दोन विधाने परस्परांशी किती घट्ट बांधलेली आहेत, हे पाहणे म्हणजेच ह्या प्रकारच्या संहितेचे आकलन करणे होय.

२

प्रथम त्या त्रयीचाच विचार करू. ती कोणत्याही प्राचीन तत्त्वविचारातून जशीच्या तशी आलेली नाही. एम्पेडोक्लीझने इ. स. पूर्व पाचव्या शतकात पृथ्वी, आप, तेज, वायू ही चार मूळतत्त्वे मानली आणि ॲरिस्टॉटलने उष्ण, शीत, आर्द्र व शुष्क ह्या गुणांच्या जोड्यांनी त्यांची उपपत्ती लावली. ह्या योजनेत शैत्य हा गुण आहे, तत्त्व नव्हे. आणि विजेला स्वतंत्र स्थान नाही. पॅरासेल्ससने ह्या चारांना अनुरूप असे चार भूतयोनींचे वर्ग कल्पिले, तेथेही ही त्रयी आढळत नाही. आपल्याकडील वैशेषिक परंपरेकडे पाहिले तर विसंगती अधिकच स्पष्ट होते. 'तर्कसंग्रहा'त अन्नंभट्टाने शीत स्पर्श हे जलाचे आणि उष्ण स्पर्श हे तेजाचे लक्षण दिले आहे, आणि वीज ही तेजाच्याच दिव्य प्रकारात गणली आहे. म्हणजे त्या दृष्टीने हिम हे जलच, आणि वीज व अग्नी ही एकाच द्रव्याची रूपे. ज्या खेळात अग्नी आणि वीज ह्यांचे प्रतिकार वेगळे मोजले जातात, तो खेळ कोणत्या तरी अन्य वंशावळीतून आला असला पाहिजे.

ही वंशावळ युद्धखेळांची आहे. गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन ह्यांची 'चेनमेल' ही मध्ययुगीन लढायांची नियमपुस्तिका १९७१ साली प्रसिद्ध झाली. टेबलावर छोट्या सैनिकांच्या मूर्ती मांडून खेळण्याच्या ह्या खेळाला एक अद्भुतरम्य पुरवणी जोडलेली होती, आणि तीत मांत्रिकाला दोन अस्त्रे दिली होती : अग्निगोल आणि विद्युत्पात. ह्या दोन अस्त्रांची व्याप्ती ठरविताना नियमकर्त्यांनी प्रमाण घेतले ते तोफखान्याचे. अग्निगोल मोठ्या गोफणयंत्राइतकी जागा व्यापतो, वीज मैदानी तोफेप्रमाणे सरळ रेषेत मारा करते. अर्थात मांत्रिक ही चालती तोफ होती. अग्नी आणि वीज ह्यांतील भेद हा मूळ द्रव्याचा नसून भूमितीचा होता. एकाचा आकार वर्तुळ, दुसरीचा रेषा.

१९७४ साली गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन ह्यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' प्रसिद्ध केले तेव्हा ही दोन अस्त्रे त्यात आली. तिसरे तत्त्व, शैत्य, हे मुख्यतः प्राण्यांच्या द्वारे आले. तांबडा ड्रॅगन आग ओकतो, पांढरा थंडी, निळा वीज, काळा आम्ल आणि हिरवा क्लोरीन वायू, अशी वर्णानुसार वाटणी तेथे केलेली आहे. प्रत्येक रंगाला एक श्वास अशी ही सूची वाचताना तत्त्वज्ञानापेक्षा कोष्टकाची आठवण होते. आणि तरीही ह्याच कोष्टकाने पुढील अर्धशतकाची कल्पनासृष्टी ठरविली, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही.

येथे एक महत्त्वाचा मुद्दा नोंदविला पाहिजे. ह्या आरंभीच्या संहितेत आग लागते, पण जळत राहत नाही. अग्निगोल फुटला की फासे टाकले जातात, हानी मोजली जाते आणि तो प्रसंग संपतो. आगीला भूतकाळ नाही आणि भविष्यही नाही. व्याकरणाच्या परिभाषेत बोलावयाचे तर तत्त्व हे ह्या टप्प्यावर केवळ विशेषण होते. नाम होते 'हानी' आणि तिला जोडलेला शब्द होता 'अग्नीची'.

३

अवस्थांची परंपरा ह्याहून वेगळी आणि स्वतंत्र होती. त्याच १९७४ च्या नियमांत, संकटातून निभावण्यासाठी टाकावयाच्या फाशांचे जे पाच वर्ग केलेले आहेत, त्यांत विष, पक्षाघात आणि पाषाणीभवन ह्यांना जागा आहे. ड्रॅगनच्या श्वासाचा वर्ग त्यांहून निराळा आहे. शरीराला जडणारे विकार एका बाजूला, तत्त्वांचा मारा दुसऱ्या बाजूला, अशी ही फाळणी होती. विकारांची प्रेरणा प्राण्यांकडून, शापांकडून आणि पुराणकथांकडून आली, तत्त्वांची तोफखान्याकडून.

ही फाळणी संगणकावरही दीर्घकाळ टिकली. १९८१ च्या 'विझर्ड्री'त पात्रे झोपतात, विषबाधित होतात, पक्षाघाताने लुळी पडतात, दगड होतात. ह्या अवस्थांचा आगीशी अथवा थंडीशी अनिवार्य संबंध नाही. १९८७ मध्ये जपानात निघालेल्या 'फायनल फँटसी'त आग, बर्फ आणि वीज ह्यांचे मंत्र चढत्या श्रेणीने येतात, आणि विष, निद्रा, मूकत्व, पाषाणीभवन ह्यांची यादी त्यांच्या शेजारी स्वतंत्रपणे उभी राहते. 'रोग' ह्या १९८० च्या सुमारास विद्यापीठीय संगणकांवर पसरलेल्या खेळाच्या नंतरच्या आवृत्तींत नायकाला जागच्या जागी गोठवून टाकणारा हिमराक्षस भेटतो. परंतु ते त्या एका प्राण्याचे वैशिष्ट्य आहे, शैत्याचा सामान्य नियम नव्हे.

ह्या दोन प्रवाहांचा संगम फार मोठ्या वाचकवर्गापुढे, म्हणजे खेळाडूवर्गापुढे, घडवून आणला तो १९९६ साली जपानात प्रसिद्ध झालेल्या 'पोकेमॉन'ने. तेथे अग्नीच्या आघाताने भाजणे, बर्फाच्या आघाताने गोठणे आणि विजेच्या आघाताने लुळे पडणे असे तीन विकार त्या त्या तत्त्वाला जोडले गेले. भाजलेला प्राणी दर पाळीला थोडे प्राणमूल्य गमावतो आणि त्याचा शारीरिक मारा निम्मा होतो. लुळ्या प्राण्याचा वेग चतुर्थांशावर येतो आणि चारांतील एका पाळीला तो हलूच शकत नाही. गोठलेला प्राणी पहिल्या आवृत्तीत आपोआप सुटत नसे, शत्रूचा अग्निमारा मात्र त्याला वितळवी. शेवटच्या नियमात एक नवी गोष्ट दिसते. आग बर्फाला वितळविते हे लोकज्ञान प्रथमच नियमाच्या भाषेत उतरू लागले. तत्त्व आता विशेषण राहिले नाही. ते क्रियापद होऊ पाहत होते.

४

तथापि ह्या साऱ्या खेळांतील काळ पाळीपाळीने मोजला जाणारा होता. अवस्थेचा खरा स्वभाव प्रकट होण्यासाठी काळ अखंड वाहता व्हावा लागला, आणि ते घडले 'डायब्लो'मध्ये. १९९६ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या ह्या खेळाचा मूळ आराखडा 'रोग'च्या परंपरेतील, पाळीपाळीने चालणारा होता. त्याचे एक प्रमुख रचनाकार डेव्हिड ब्रेव्हिक ह्यांनी तो विकासाच्या ओघात वास्तव काळात आणला, हा प्रसंग त्यांनी स्वतः अनेकदा सांगितला आहे. त्या बदलाने 'क्रियाप्रधान भूमिकाखेळ' ह्या प्रकाराचे आजचे रूप घडले. मात्र पहिल्या 'डायब्लो'त प्रतिकार तीनच होते : अग्नी, वीज आणि जादू. शैत्य तेथे नव्हते.

ते आले २००० सालच्या 'डायब्लो २'मध्ये. त्यातील मांत्रिक स्त्री-पात्राच्या विद्येची तीन झाडे आहेत : अग्नी, वीज आणि शैत्य. तिन्हींना वेगवेगळा स्वभाव देण्यासाठी रचनाकारांनी तीन निरनिराळे मार्ग वापरलेले दिसतात. विजेचा स्वभाव अनिश्चिततेतून व्यक्त केला आहे. तिच्या हानीची किमान मर्यादा बहुधा एक आणि कमाल फार मोठी, त्यामुळे प्रत्येक आघात जुगारासारखा. अग्नीचा स्वभाव स्थानातून व्यक्त होतो. तो जमिनीवर भिंत उभारतो, वाटेवर पेटत राहतो, परंतु साध्या अग्निबाणाने शत्रू स्वतः जळत राहत नाही. शैत्याला मात्र अवस्था लाभली. शीतबाधित शत्रू निळा दिसतो, मंद चालतो, मंद वार करतो. अधिक तीव्र मंत्रांनी तो पूर्ण गोठतो.

ह्या नियमाला एक उपनियम आहे, आणि तो ह्या लेखाच्या दृष्टीने फार बोलका आहे. गोठलेला शत्रू मेला की त्याचे शरीर फुटून जाते, प्रेत उरत नाही. खेळाच्या आरंभीच 'फॉलन' नावाच्या लहान राक्षसांचे कळप भेटतात आणि त्यांचे शामन मेलेल्यांना पुन्हा उठवतात. ज्याला गोठवून मारले, त्याला मात्र उठविता येत नाही. येथे शैत्याला अंतिमतेचा अर्थ प्राप्त झाला, आणि तो कोणत्याही वर्णनाने नव्हे तर दोन नियमांच्या परस्परसंबंधाने. शिवाय ह्या अर्थाला एक सामाजिक बाजूही होती. त्याच खेळात प्रेतांचा स्फोट घडविणारा नेक्रोमॅन्सर आहे. त्याच्या सोबत खेळणाऱ्या मांत्रिकेने शत्रू गोठवून मारले तर त्याच्या हाती काहीच उरत नाही. एकीचे शौर्य ही दुसऱ्याची अडवणूक ठरते. चांगल्या नाट्यसंहितेत जसा एका पात्राच्या गुणातूनच दुसऱ्याशी विरोध उत्पन्न होतो, तसाच हा विरोध आहे. त्यासाठी एकही संवाद लिहावा लागलेला नाही.

अवस्था ही नुसत्या हानीहून वेगळी का वाटते, ह्याचे उत्तरही येथेच मिळते. पात्राचे प्राणमूल्य तीसाने घटले, तर खेळाडू ते आकड्यात वाचतो. पात्राला शीतबाधा झाली, तर खेळाडूच्या बोटांची आज्ञा पडद्यावर उशिरा उमटते. पळावयाचे आहे आणि पळता येत नाही, हा अनुभव पात्रापुरता राहत नाही. यूल ह्यांच्या परिभाषेत सांगावयाचे तर येथे कल्पित थंडी खऱ्या नियमाच्या मार्गाने खऱ्या शरीरापर्यंत पोचते.

संस्कृत काव्यशास्त्राच्या वाचकाला येथे नाट्यशास्त्रातील सात्त्विक भावांची यादी आठवल्यावाचून राहणार नाही : स्तंभ, स्वेद, वेपथू, प्रलय. व्यभिचारी भावांत तर जडता आणि व्याधी ही नावेच आहेत. पण हे साम्य फार ताणणे योग्य नव्हे. नाट्यातील स्तंभ हा आतील स्थायी भावाचा बाहेर दिसणारा पुरावा असतो. प्रेक्षक त्यावरून भय किंवा रती ओळखतो. क्रीडासंहितेतील स्तंभाला असे अंतरंग नाही. गोठलेला राक्षस भ्यालेला नसतो. तेथे भाव निर्माण होतो तो खेळाडूच्या ठिकाणी, आणि तोही पात्राच्या वतीने नव्हे, स्वतःच्या असहायतेमुळे.

५

न्यूझीलंडमधील ऑकलंड येथील ग्राइंडिंग गिअर गेम्स ह्या संस्थेने २०१३ साली प्रसिद्ध केलेला 'पाथ ऑफ एक्झाइल' हा ह्या इतिहासातील सर्वांत पद्धतशीर ग्रंथ म्हणावा लागेल. 'डायब्लो २'मध्ये अवस्था प्रामुख्याने शैत्याची होती. येथे तिन्ही तत्त्वांना समान न्यायाने ती दिली गेली आणि तिला 'एलमेंट', म्हणजे व्याधी, असे नाव मिळाले. अग्नीने शत्रू पेटतो, शैत्याने मंदावतो अथवा गोठतो, विजेने त्याला धक्का बसतो. मर्मघात झाला की त्या त्या तत्त्वाची व्याधी हमखास जडते.

ह्या व्याधींचे कार्य बारकाईने पाहिले असता त्यांच्यात काळाची एक व्यवस्था आढळते. पेटलेल्या शत्रूला मूळ चार सेकंदांपर्यंत हानी होत राहते, आणि तिचे प्रमाण ज्या आघाताने तो पेटला त्या आघातावरून ठरते. एकाच वेळी अनेक दाह लागले तरी सर्वांत तीव्र असेल तोच हानी करतो. अर्थात दाह म्हणजे होऊन गेलेल्या आघाताचे चालू राहणे. शीतबाधा आणि गोठण ह्या शत्रूच्या चालू क्रियेवर परिणाम करतात. शीतबाधेने क्रियेचा वेग साधारणतः तीस टक्क्यांपर्यंत घटतो, गोठणीने शून्य होतो. विजेचा धक्का स्वतः काहीच इजा करीत नाही. धक्का बसलेल्या शत्रूला पुढे होणाऱ्या आघातांची हानी पन्नास टक्क्यांपर्यंत वाढते. म्हणजे अग्नी भूतकाळाशी, शैत्य वर्तमानाशी आणि वीज भविष्याशी बांधली गेली. रचनाकारांच्या मनात हे सूत्र होते की नाही, ह्याने काही बिघडत नाही. संहितेत ते आहे. तोफखान्यात आकारावरून ठरलेला भेद येथे काळावरून ठरू लागला, हा ह्या इतिहासातील सर्वांत मोठा पालट होय.

परंतु ह्याच ग्रंथात आणखी एक नियम आहे, आणि त्याकडे टीकात्मक दृष्टीने पाहणे आवश्यक आहे. व्याधीची तीव्रता अथवा मुदत ही आघात शत्रूच्या एकूण प्राणमूल्याच्या किती प्रमाणात आहे, त्यावर अवलंबून असते. गोठणीचेच उदाहरण घेतले तर कमाल मुदत मूळ तीन सेकंदांची आहे, आणि गणिताने ती ०.३ सेकंदाहून कमी भरली तर शत्रू गोठतच नाही. परिणामी दुबळ्या पात्राचा हिमबाण मोठ्या राक्षसाला शीतबाधेपलीकडे नेत नाही. ज्याचा मारा आधीच प्रचंड आहे, त्यालाच गोठवण्याचे बळ मिळते. युक्ती ही दुबळ्याचे साधन असते, हा लोककथांतील जुना विश्वास. कोल्हा वाघाला हरवतो तो बळाने नव्हे. अवस्थांची मूळ परंपराही तीच होती : १९७४ च्या नियमांत पाषाणदृष्टीपुढे बलाढ्य वीरही फाशांच्या एका फेकीवर अवलंबून असे. 'पाथ ऑफ एक्झाइल'च्या प्रमाणाधिष्ठित गणिताने युक्तीला बळाची बटीक केले. ही केवळ तांत्रिक सोय नव्हे. सामर्थ्याविषयीचे एक मत त्यात सामावलेले आहे, आणि नियमाच्या रूपात आल्यामुळे ते मत म्हणून ओळखू येत नाही.

ह्या गणितामागील कारण 'संतुलन' ह्या एका शब्दात दिले जाते. बा. सी. मर्ढेकरांनी लयतत्त्वाच्या विवेचनात संवाद आणि विरोध ह्यांच्याबरोबर समतोल सांगितला, तो कलाकृतीच्या घटकांतील आंतरिक संबंध होता. खेळांच्या रचनेतील संतुलन ह्याहून भिन्न आहे. कोणताही पर्याय इतरांपेक्षा फार वरचढ ठरू नये, ही त्याची चिंता; आणि ती चिंता अग्नी, शैत्य व वीज ह्यांना परस्परांच्या तोलाचे करीत करीत अखेर परस्परांसारखे करण्याकडे झुकते. गास्ताँ बाशलार ह्यांनी १९३८ साली अग्नीच्या मनोविश्लेषणावरील आपल्या ग्रंथात दाखविले की, कल्पनेतील अग्नी हा मोजमापाला विरोध करतो. तो दिवास्वप्नाचे द्रव्य आहे. चार सेकंदांच्या दाहात हे दिवास्वप्न कितपत उरते, हा प्रश्न रास्त आहे. उत्तर सरसकट नकारार्थी देता येणार नाही, हे गोठलेल्या प्रेताच्या उदाहरणाने दाखविलेच आहे. तत्त्वाचा अर्थ संख्येत सापडत नाही. एका नियमाचा दुसऱ्या नियमाला स्पर्श होतो, तेथे तो सापडतो.

६

अलीकडच्या संहितांनी हा स्पर्शच मध्यवर्ती केला आहे. २०१७ सालच्या 'द लेजंड ऑफ झेल्डा : ब्रेथ ऑफ द वाइल्ड'च्या रचनाकारांनी पदार्थ आणि तत्त्वे ह्यांच्या परस्परक्रियांच्या व्यवस्थेला 'रसायनयंत्रणा' असे नाव दिले, तेथे गवत पेटते, पाऊस आग विझवितो आणि धातूची ढाल वीज ओढून घेते. २०२२ च्या 'एल्डन रिंग'मध्ये हिमबाधा ही आघाताआघाताने साचत जाते, मर्यादा ओलांडताच प्राणमूल्याचा एक भाग हिरावून घेते आणि काही काळ पुढील हानी वाढविते. अग्नीचा स्पर्श झाला की ती नाहीशी होते. येथे दुबळ्या पण चिकाटीच्या खेळाडूला अवस्थेचे साधन परत मिळाले आहे, असे म्हणता येईल. विशेष म्हणजे डिसेंबर २०२४ मध्ये खेळाडूंना प्रथम खुल्या झालेल्या 'पाथ ऑफ एक्झाइल २'नेही गोठणीसाठी साचत जाण्याचाच मार्ग स्वीकारला.

शांघाय येथील मिहोयो ह्या संस्थेच्या 'गेन्शिन इम्पॅक्ट' (२०२०) ह्या खेळात तत्त्वे सात आहेत आणि त्यांची बहुतेक महत्त्वाची फले दोन तत्त्वांच्या भेटीतून उत्पन्न होतात. जल आणि शैत्य भेटले की शत्रू गोठतो. अग्नी आणि वीज भेटले की स्फोट होतो. क्रमालाही अर्थ आहे : पेटलेल्यावर पाणी टाकले तर हानी दुप्पट होते, भिजलेल्यावर आग टाकली तर दीडपट. बर्फाच्या बाबतीत हे उलटते; गारठलेल्यावर आग टाकणे दुप्पट फलदायी. कोण कोणावर मात करतो, हे ह्या गुणकांनी सांगितले आहे. खेळ चिनी असूनही सात तत्त्वांची यादी काष्ठ, अग्नी, पृथ्वी, धातू, जल ह्या पारंपरिक चिनी पंचकाची नाही, आणि इंग्रजी आवृत्तीतील तत्त्वनामे तर ग्रीक धातूंवरून घडविलेली आहेत. तरीसुद्धा तत्त्वांचे महत्त्व त्यांच्या द्रव्यत्वात नसून एकमेकांना जिंकण्याच्या व जन्म देण्याच्या संबंधात असते, ही त्या पंचकविचाराची दृष्टी येथे जवळची वाटते. हा प्रभाव आहे असे प्रतिपादन नाही; साम्य मात्र नोंदविण्याजोगे आहे.

ह्या संबंधांना बाजाराची बाजू आहे, हेही सांगितले पाहिजे. 'गेन्शिन'मध्ये सामान्यतः प्रत्येक पात्र एका तत्त्वाशी बांधलेले असते आणि पुष्कळशी पात्रे सोडतीच्या पद्धतीने मिळतात. त्या सोडतीसाठी खरे पैसे खर्च करता येतात. जलाला अग्नी हवा असेल, तर अग्नीचे पात्र हाती असावे लागते. तत्त्वांच्या परस्परावलंबनाचे सुंदर काव्य आणि ग्राहकाच्या अपुरेपणाची जाणीव ही दोन्ही एकाच नियमातून उत्पन्न होतात. ह्यांपैकी एकीचेच वाचन करणारी समीक्षा अपुरी ठरेल.

७

शेवटी एका पद्धतिविषयक अडचणीचा निर्देश करणे प्राप्त आहे, कारण ह्या विषयावरील पुढील सर्व अभ्यास तिच्यावर अवलंबून राहणार आहे. वर 'पाथ ऑफ एक्झाइल'चे जे नियम दिले, ते त्याच्या सर्व काळाला लागू नाहीत. आरंभीच्या काळात विजेचे धक्के तीनपर्यंत साचत. पुढे धक्का एकच आणि ठरावीक तीव्रतेचा झाला. २०१७ च्या ३.१ आवृत्तीने त्याची तीव्रता आघाताच्या प्रमाणात बदलती केली. 'डायब्लो २'मध्येही २००३ च्या १.१० आवृत्तीने एका मंत्रावर खर्च केलेले गुण दुसऱ्या मंत्राचे बळ वाढवितील अशी योजना आणून मांत्रिकेचे सारे गणित बदलले. एकाच नावाखाली अनेक संहिता आहेत.

मराठी अभ्यासकाला ही परिस्थिती अपरिचित नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ च्या सुमारास, ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ पर्यंत पूर्णत्वास नेली. परंतु पाठचिकित्सेचा सारा व्यवहार एका गृहीतकावर उभा असतो : जुने पाठ कोठे तरी, कोणत्या तरी मठात किंवा घरात, पोथीच्या रूपाने टिकून असतात. केंद्रीय यंत्रावर चालणाऱ्या खेळात नवी आवृत्ती आली की जुनी त्याच क्षणी नाहीशी होते. बदलांची सूची उरते, पण तीन धक्के साचण्याचा तो खेळ पुन्हा खेळता येत नाही. टीका उरावी आणि मूळ ग्रंथ हरवावा, तशी ही स्थिती आहे. 'डायब्लो २' तबकडीवर विकला गेला आणि एकट्याने खेळताना जाळ्यावाचून चालतो. म्हणून त्याचे जुने पाठ आजही तपासता येतात. ह्या दोन खेळांतील हा भेद साहित्यिक गुणांचा नसून साठवणुकीचा आहे, पण भावी इतिहासकाराच्या दृष्टीने तोच निर्णायक ठरेल.

म्हणून ह्या क्षेत्रात काम करू इच्छिणाऱ्याने दोन शिस्ती स्वीकाराव्यात असे सुचवावेसे वाटते. पहिली अशी की, नियमाविषयीचे प्रत्येक विधान आवृत्तीच्या उल्लेखासह करावे. 'धक्क्याने हानी वाढते' एवढे म्हणणे हे प्रत न सांगता ओवी उद्धृत करण्यासारखे आहे. दुसरी अशी की, तत्त्वाचा अर्थ त्याच्या नावात किंवा चित्रात न शोधता तो नियम ज्या अन्य नियमांना जाऊन भिडतो तेथे शोधावा. तोफेच्या आकारापासून निघालेला अग्नी विशेषणाचा क्रियापद झाला, क्रियापदाला काळ लाभला, आणि काळाला संबंध लाभले, एवढा प्रवास पन्नास वर्षांत झाला. तो प्रवास ज्यांत घडला त्या संहिता डोळ्यांदेखत पुसल्या जात आहेत. त्यांची नोंद करणे हे आज कोष्टककारांवर सोपविलेले काम आहे. समीक्षेने ते स्वतःचे मानावयास हवे.